अकरा नंबरची साइट

वेबडिझाइनच्या सरांना मुलांच्या साइट तपासायचा मनस्वी कंटाळा. म्हणून त्यांनी ‘परस्पर मूल्यमापन’ आणलं. प्रत्येकानं बुटांच्या दुकानाची साइट करायची, तिला नाव नाही, फक्त नंबर; गुण आणि शेरे मुलांनीच एकमेकांना द्यायचे. आळसाला असं भारदस्त नाव दिलं की प्राचार्यबाई खूश होतात. झाल्याही.

सरांचा डोळा होता विभागप्रमुखाच्या खुर्चीवर. त्यांनी स्वतःही एक साइट करून अकरा नंबरनं गुपचूप मुलांच्यात घुसवली.

“बाई, त्यात एक माझी आहे. निकाल पाहिलात की लगेच ओळखाल,” ते म्हणाले. “मग त्या खुर्चीचं काय ते ठरवा.”

इकडे वर्गाच्या मॉनिटरनं फर्मान काढलं, “सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा. ठरलं?”

“पण अकरा नंबर कुणाचा?” चष्मेवाल्यानं विचारलं.

एकही हात वर झाला नाही.

“कुणाचाच नाही? मग याला तरी खरे गुण देऊ या की!”

इतरांच्या साइट न उघडताच दहा देऊन झाले होते, त्यामुळे सगळ्यांकडे वेळ भरपूर होता. वर्गानं पहिल्यांदाच मन लावून अभ्यास केला.

शेवटी नियमाप्रमाणे प्रत्येक साइटवर सरांचाही गुणांसह शेरा आणि सही हवी होती. सरांनी एकही साइट न उघडता एकच शेरा वरपासून खालपर्यंत चिकटवला आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“तुमची साइट ओळखली हं. ऐका. ‘मेनू शोधतोय, अजून सापडला नाही.’ ‘पिवळ्यावर पांढरी अक्षरं. डोळे तपासून आले, डोळे ठीक आहेत.’ ‘बूट घ्या असं बटण दाबलं की पुन्हा पहिलं पान. दुकानदाराला बूट विकायचे नाहीत का?’”

सरांचं तोंड एवढंसं झालं. पण ते सर होते; लगेच उसळले.

“कालची पोरं ही! त्यांना डिझाइनमधलं काय कळतंय, बाई? कसलेल्या माणसाचं मत विचारा!”

“तेही आहे,” बाईंनी कागद उलटला. “‘मेहनत शून्य. दुसऱ्याची उचललेली वाटते. दहापैकी दोन.’ खाली सही तुमची.”

सर चष्मा पुसून ती सही पुन्हा पाहू लागले.

“खुर्चीचं राहू द्या,” बाई शांतपणे म्हणाल्या. “साइट पुन्हा करून आणा. आणि तपासायला मुलांकडेच द्या. ती निदान उघडून तरी बघतात.”