रिकाम्या खुर्चीचा रुग्णावर होणारा परिणाम

रुग्णाची सेवा आणि रुग्णाचा अभ्यास ही दोन्ही कामं सारखीच पवित्र आहेत, आणि म्हणूनच ती एकाच माणसाने एकाच वेळी करू नयेत. स्फाक्स शहरातल्या आमच्या सरकारी रुग्णालयात हे तत्त्व फार वर्षांपासून पाळलं जातं. सेवा तळमजल्यावर होते, अभ्यास तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत जाते.

मी तिसऱ्या मजल्यावर संशोधन-नोंदणी अधिकारी आहे. गेल्या एकोणीस वर्षांत चारशे बारा शोधनिबंध माझ्या हातून मार्गी लागले. त्यांपैकी तीनशे नव्वद निबंध ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ या वाक्याने संपतात. उरलेल्या बावीस निबंधांत ते वाक्य टाइप करायचं राहून गेलं.

हृदयविकार विभागाचे प्रमुख प्राध्यापक मुंधिर हे मोठे संशोधक. (त्यांना रुग्णांची इतकी काळजी आहे की त्यांना बघवत नाही, म्हणून ते वॉर्डात येत नाहीत.) दोन वर्षांपूर्वी ते अम्मानच्या एका परिषदेहून परतले ते भारावूनच. तिथे त्यांनी ऐकलं होतं की डॉक्टर खाटेजवळ उभा न राहता खुर्चीवर बसला, तर रुग्णाला डॉक्टरने जास्त वेळ दिला असं वाटतं. प्रत्यक्षात वेळ तेवढाच गेला असला तरी.

“म्हणजे बघा,” ते मला म्हणाले, “वेळ न देता वेळ दिल्याचं समाधान देता येतं! सी नौफल, याहून स्वस्त औषध आजवर निघालेलं नाही.” (‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’.)

लगेच प्रयोग आखला गेला. अडचण एकच होती. वॉर्डात एकूण एक खुर्ची होती आणि तिच्यावर टीव्ही ठेवलेला होता. तेव्हा एका लग्नाच्या हॉलमधून तीस पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणवल्या. काहींच्या पाठीला चंदेरी फीत अजून बांधलेली होती. ती तशीच राहू दिली, कारण फीत सोडणं प्रयोगाच्या आराखड्यात नव्हतं.

रुग्णांचे दोन गट पाडले. गट ‘अ’मध्ये डॉक्टर उभा राहील, गट ‘ब’मध्ये बसेल. दोन्हीकडे वेळ चार मिनिटं, आणि कुठल्याही गटाला झुकतं माप मिळू नये म्हणून डॉक्टरने बोलायची नऊ वाक्यंही समितीने ठरवून दिली. नववं वाक्य होतं, ‘काही शंका आहे का?’ त्यानंतर चार मिनिटं संपत. स्टॉपवॉच माझ्या हातात असे आणि मी दारात उभा असे.

ही नऊ वाक्यं म्हणण्याचं काम डॉक्टर हैफाकडे होतं. तिशीची मुलगी, हुशार, पण संशोधनाची गोडी नसलेली. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, “सर, रुग्णाला बरं वाटलंच, तर ते डॉक्टर बसल्यामुळे की नुसत्या खुर्चीमुळे, हे कसं कळणार?”

ती चेष्टा करत होती. अकरा तास उभी होती, माणूस चेष्टा करतो. पण प्राध्यापक मुंधिर ताडकन उठले.

“अप्रतिम! गट ‘क’! खुर्ची खाटेजवळ, डॉक्टर मात्र उभा!”

अशा रीतीने विज्ञानात रिकाम्या खुर्चीचा प्रवेश झाला.

चौदा नंबरच्या खाटेवर शादलीकाका होते. वय एकाहत्तर, राहणार करकेन्ना बेटं. समुद्राच्या तळाशी मातीची मडकी सोडून ऑक्टोपस पकडायचा, हा पंचावन्न वर्षांचा धंदा. होडीत दोनदा चक्कर येऊन पडले म्हणून त्यांना फेरीबोटीतून इकडे आणलं. नाडी मिनिटाला अडतीस. ठोके संथ करणारी एक गोळी त्यांना चालू होती, ती आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बंद केली. हे योग्यच केलं. पण सहा दिवस झाले तरी नाडी चाळिशीच्या वर येईना. मग गुरुवारी त्यांना पेसमेकर बसवायचं ठरलं. चिठ्ठी काढली तेव्हा काका गट ‘क’मध्ये गेले.

सोमवारी सकाळी हैफाने उभ्याने आठ वाक्यं म्हटली. काका खाटेवर बसून लक्ष देऊन ऐकत होते.

“काही शंका आहे का?”

“शंका नाही गं पोरी. पण ती माझी दुपारची गोळी...”

माझ्या हातातलं घड्याळ वाजलं.

“गोळी बंद केलीय काका, काळजी करू नका,” असं म्हणत हैफा पंधरा नंबरकडे वळली. मागे अजून सतरा रुग्ण होते.

“ती नाही, दुसरी,” काका समोरच्या खुर्चीकडे बघत म्हणाले.

मी नोंद केली : ‘रुग्णाने खुर्चीशी आपणहून संवाद साधला. (गट क साठी अनुकूल.)’

मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला, मी दारात तक्ता भरत असताना, मब्रूकामावशी वॉर्ड पुसत चौदा नंबरपाशी आल्या. मावशी आमच्याकडे सव्वीस वर्षं सफाईला आहेत. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. त्यांनी फडका बादलीत टाकला आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या. हे नियमाविरुद्ध होतं, पण नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता, आणि प्रयोग चालू असताना मध्ये बोलायला मला मनाई होती.

“बसू का म्हणून विचारायची सोय नाही, बसलेच,” मावशी म्हणाल्या. “गुरुवारी म्हणे तुमच्या छातीत यंत्र घालणार.”

“घालू देत. मडक्यात ऑक्टोपस शिरतो ना, तसं शिरेल.”

“तो आपणहून का शिरतो हो?”

“त्याला वाटतं, घर मिळालं. आयतं. भाडं नाही, शेजारी नाही.”

“आणि मग तुम्ही वर ओढता.”

“मग मी वर ओढतो,” काका जरा ओशाळून म्हणाले. असं बराच वेळ चाललं. बायको वारल्याचं निघालं, नव्या सुनेने कालवणात हरिसाची तिखट चटणी घालणं बंद केल्याचं निघालं. मग काकांनी उशीखालून तपकिरीची डबी काढली, तिच्यातून एक गोळी काढली आणि तोंडात टाकणार तोच मावशींनी मनगट धरलं.

“काय खाताय चोरून?”

“चोरून कशाला? औषध आहे. आमच्या बेटावरच्या डॉक्टरचं. तो म्हणाला होता, शादली, जग बुडालं तरी ही सोडू नकोस.”

“इथल्यांना सांगितलंत?”

“रोज सांगतो. ते विचारतात, शंका आहे का. मला शंका कुठे आहे? मला तर माहीत आहे.”

“त्या गोळीचं पाकीट कुठाय? मला वाचता येत नाही, पण डॉक्टरीणबाईंना येतं.”

पाकीट घेऊन मावशी तरातरा दाराशी आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

“तुम्ही ऐकत होतात ना हे सगळं?”

“मोजत होतो,” मी म्हणालो.

“मग किती झालं?”

“बावीस मिनिटं.”

“आणि गोळीचं ऐकलंत ते?”

ऐकलं होतं. आदल्या दिवशीही ऐकलं होतं. पण माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता, आणि रकाना नसलेल्या गोष्टीचं काय करायचं हे मला एकोणीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. मावशींनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्या तुंबलेल्या मोरीकडे बघतात. मग त्या पुढे गेल्या.

हैफाने पाकीट वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तीच गोळी होती, दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची. आम्ही सकाळची बंद केली होती, काका दुपारची इमानेइतबारे घेत होते. ती जवळजवळ धावतच चौदा नंबरपाशी आली, खुर्ची ओढली आणि बसली. मी सवयीने बटण दाबलं.

“सी नौफल,” मान न वळवता ती म्हणाली, “ते घड्याळ खिशात ठेवा.”

त्यामुळे ती किती वेळ बसली याची नोंद उपलब्ध नाही. तिने काकांचं मनगट हातात धरलं होतं आणि काकांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, ऑक्टोपससकट.

“म्हणजे एवढ्यासाठी माझी छाती उघडणार होतात?” शेवटी त्यांनी विचारलं.

“छाती नाही काका. इथे, खांद्याखाली, छोटासा छेद.”

“म्हणजे चूक छोटी.”

हैफा म्हणाली, “छोटी नव्हे.” तिचे डोळे भरले होते असं पंधरा नंबरच्या रुग्णाचं म्हणणं आहे. त्याला मोतीबिंदू आहे, म्हणून मी ते ग्राह्य धरलं नाही.

गुरुवारी नाडी बावन्न होती, शनिवारी चौसष्ट. पेसमेकर दुसऱ्या कुणाला तरी लागला. रविवारी काका आपल्या पायांनी वॉर्डाबाहेर पडले, मावशींना वाळवलेला ऑक्टोपस पाठवीन म्हणाले, आणि पाठवलाही.

महिन्याभराने निकाल हाती आले. समाधानाचे गुण, दहापैकी : डॉक्टर उभा, चार पूर्णांक एक. डॉक्टर बसलेला, सहा पूर्णांक आठ. खुर्ची रिकामी, सात पूर्णांक तीन. प्राध्यापक मुंधिर यांनी तो तक्ता दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

“रिकामी खुर्ची डॉक्टरपेक्षा वरचढ!”

“सर,” हैफा म्हणाली, “ती रिकामी नव्हती. मब्रूकामावशी बसत होत्या. एकट्या चौदा नंबरला नाही, दहापैकी नऊ खाटांना. मी विचारलंय.”

“मावशी डॉक्टर आहेत का?”

“नाहीत.”

“मग वैद्यकीयदृष्ट्या खुर्ची रिकामीच होती.”

यावर समितीत कुणालाही उत्तर सुचलं नाही, आणि समितीत उत्तर सुचलं नाही की ठराव एकमताने मंजूर होतो. खुर्च्या कायम करण्यात आल्या आणि डॉक्टरांनी त्यांवर बसायची गरज नाही असं परिपत्रक निघालं. मावशींनाही वेगळं पत्र गेलं : संशोधन-साहित्यावर बसू नये. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, खुर्चीवर बसून.

हैफाने निबंधावरून आपलं नाव काढायला लावलं. रिकाम्या जागी संचालकांच्या मेव्हण्याचं नाव बसलं. (ते दंतवैद्य आहेत, पण खुर्चीचा अनुभव दांडगा.) हैफाची वॉर्डफेरी आता बाराऐवजी तीनला संपते. जेवण थंड होतं, बढती लांबली आहे, आणि ती सरसकट सगळ्या गटांत बसते, त्यामुळे संशोधनासाठी तिचा काही उपयोग उरलेला नाही.

निबंध छापण्यापूर्वी परीक्षकांनी एकच प्रश्न पाठवला. डॉक्टरांचं ठीक आहे, पण तुलनेसाठी घरची माणसं किती वेळ बसतात याचा आकडा कुठे आहे? प्रश्न रास्त होता. भेटीच्या वेळात आम्ही तीन आठवडे मोजमाप केलं. आधी प्रत्येक नातेवाइकाला विचारायचं, किती वेळ बसता? मग गुपचूप घड्याळ लावायचं. नमुन्यादाखल, चौदा नंबरवर तेव्हा एक म्हातारी होती आणि तिचा मुलगा निजार रोज यायचा.

“अर्धा तास तर कुठेच गेला नाही,” निजार मला म्हणाला. “आई आहे शेवटी. तिच्याजवळ बसलं की वेळेचं भान राहत नाही.”

ते खरं निघालं. भान राहत नव्हतं. तो सरासरी पाच मिनिटं बसे, त्यात मोबाइल चार्जिंगला लावणं आलं.

निजारला दोष देण्यात अर्थ नाही, तो सरासरीहून थोडासाच खाली होता. एकशे अठ्ठेचाळीस नातेवाइकांनी सांगितलेला वेळ आणि बसलेला वेळ यांचं प्रमाण आता पक्कं झालं आहे आणि ते सगळ्या समाजांना, सगळ्या भाषांना सारखंच लागू पडावं असा आमचा अंदाज आहे. तेव्हा आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ आपण किती वेळ बसतो, याचा जो आकडा वाचकांनी आत्ता मनात धरला, त्याला तिनाने भागावं. हातात मोबाइल असेल तर सहाने.