निसर्ग स्वयंपाकघरात आला तेव्हा

“हळू बोला, आई, त्याला ऐकू जाईल!”

“जाऊ दे की! निसर्गाशी नातं जोडा म्हणून तूच पोरांना शिकवतोस ना? जा, जोड!”

हे भांडण आम्ही कुजबुजत करत होतो. (माझ्या आयुष्यातलं पहिलंच कुजबुजतं भांडण, घसा दुखायला लागला.) मी आणि माझा जावई एल्डन कोठीत बटाट्याच्या पोत्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो आणि दारापलीकडे, माझ्या स्वयंपाकघरात, अस्वल होतं.

एल्डन कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. माणसानं रोज थोडा वेळ पाखरांकडे बघितलं की तो आपोआप कचरा वेगळा करतो, गाडी कमी काढतो, असं त्याचं संशोधन. मी आठवीत शाळा सोडली, पण गावच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून त्यातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्यात. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या आमच्या डोंगरात अस्वलं हिवाळ्याच्या झोपेतून उठायच्या आत पाखरांच्या दाण्याची पेटी उतरवायची, हे शेंबडं पोरही सांगेल. एल्डन म्हणाला, “प्रयोग अजून संपला नाही.” पेटी तशीच राहिली. आज अस्वलानं ती चाटूनपुसून साफ केली आणि मागच्या दाराची जाळी फाडून ते आत आलं.

“वनखात्याला फोन लाव.”

“नको! घरात शिरलेलं अस्वल ते गोळी घालून मारतात. दाणे मी टांगले आणि जीव त्याचा जाणार?”

“मग आपला जाऊ दे?”

“आपण इथं सुरक्षित आहोत.”

“कोठीत? घरातलं सगळं खाणं इथंच आहे, विद्वाना!”

“मला इथं तुम्हीच ओढलंत!”

(ते खरं होतं.)

तेवढ्यात दाराला काहीतरी घासलं. खालच्या फटीतून ओला, गरम श्वास माझ्या घोट्यांवर आला. कडी खणखणली. एल्डनचा हात मी कधी धरला, कळलंही नाही.

“लाव रे फोन,” मी म्हटलं. फोन त्याच्याच खिशात होता.

त्याचे डोळे भरले होते. “थोडं थांबा, आई. आपणहून जाईल ते.”

आणि अंगणातल्या खडीवर चाकं वाजली. कॉलीन! माझी लेक कामावरून आली होती, आणि ती नेहमी मागच्याच दारानं आत येते.

“तिला दिसेल ते,” एल्डन पुटपुटला. “तिला निसर्गाची जाण आहे.”

“जाण?” मी ओरडले. अगदी माझ्या खऱ्या आवाजात. “अरे दीडशहाण्या, माझी पोर मरायला निघालीय आणि तू जाण मोजतोस?” फळीवरच्या बरण्या थरथरल्या. बाहेर काहीतरी धाडकन पडलं, फरशीवर नखं खरखरली, पण मी कुठली थांबते! त्याच्या पदव्यांपासून त्याच्या कापडी पिशव्यांपर्यंत सगळं सगळं काढलं.

कोठीचं दार उघडलं. समोर कॉलीन, धडधाकट, हातात गाडीची किल्ली.

“आई, पुरे! ज्याला पळता आलं ते पळालं डोंगरात. हा उरलाय तो माझा नवरा आहे.”