ढोलीतली ढोलकी

"घाबरायचं नाही! करार गेला खड्ड्यात! अल्बम आपला, तो आपल्याच पद्धतीनं होणार!" असं मी आमच्या बँडला ठणकावून सांगितलं. सांगण्याआधी दाराला आतून कडी मात्र घातली होती.

आमचा बँड म्हणजे अर्जुनी मोरगावचे तिघं. मी रूपेश, पेटी वाजवतो आणि पुढारीपण करतो. उमरावभाऊ ढोलकीवर. गायला फुलवंतामावशी. तिनं तलावाच्या या पाळीवरून हाक मारली की त्या पाळीवरच्या म्हशी घरची वाट धरतात! गोंदियाच्या एका कंपनीनं आमच्या गाण्यांचा करार केला आणि रेकॉर्डिंगसाठी हिमांशु नावाचा आपला माणूस कॉम्प्युटरसकट माझ्या घरी पाठवला.

आल्या आल्या तो म्हणाला, "ढोलक नहीं चलेगा. बीट कॉम्प्युटर देगा. और आंटी की आवाज़ पतली करनी पड़ेगी."

"कायले पतली करतं बे? वरन हाये का?" फुलवंतामावशी कडाडली.

"टेकचंद सेठ का ऑर्डर है."

टेकचंद सेठ म्हणजे कंपनीचे मालक. ऐकलं नाही म्हणून सेठनी एका बँडचं नावच काढून घेतलं होतं म्हणे! बिचारे आता लग्नात वाजवतात आणि कोणी विचारलं तर "आम्ही कोणीच नाही" म्हणून सांगतात.

उमरावभाऊ ढोलकी मांडीवर घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आजारी लेकराच्या फिरवावा तसा. ते मला बघवलं नाही. म्हणून मी युक्ती काढली.

खोलीच्या कोपऱ्यात धान ठेवायची बांबूची ढोली रिकामीच होती. तिच्यात उमरावभाऊला ढोलकीसकट बसवलं, वरून पोतं टाकलं. आवाज माइकमध्ये हळूच शिरणार. हिमांशुच्या कानावर हेडफोन, त्याला दिशा काय कळणार!

गाणं सुरू झालं. हिमांशुनं मान वर केली.

"ये ढोलक कहाँ से आ रहा है?"

"शेजारी बारसं हाये, साहेब!"

"भरी दोपहर में?"

"पोरगं दुपारीच झालं होतं!"

हिमांशुनं मला खालून वर न्याहाळलं आणि सरळ सेठला फोन लावला. सेठ नेमके जवळच कोहमाऱ्याला ढाब्यावर जेवायला थांबलेले! "मी येऊन राहिलो," एवढंच बोलले. उमरावभाऊला बाहेर काढावं, तर हिमांशु जागचा हलेना.

सेठ आले. आवाज इतका मऊ, की भीती दुप्पट झाली.

"कोणाच्या घरी बारसं हाये, रूपेशभाऊ?"

"झालं, सेठजी! संपलं! पाहुणेबी गेले!"

"बरं. मग चालू करा गाणं. मीबी ऐकतो."

मावशीनं सूर लावला. सूर कानी पडला की उमरावभाऊचा हात काही थांबत नाही, ढोलीबाहेर सेठ असो की देव! माझ्या डोळ्यांपुढे आमचं नाव पुसलं जाताना दिसलं. मी मागे सरकत सरकत ढोलीपाशी गेलो आणि उमरावभाऊला थांबवायला पोत्याखाली हात घातला.

आत काहीतरी थंडगार, ओलंचिंब माझ्या मनगटाला गुंडाळलं गेलं!

"सा ऽ ऽ ऽ प!" मी असा किंचाळलो की सेठच्या हातातला चहा त्यांच्याच सदऱ्यावर सांडला.

साप म्हणताच उमरावभाऊनं आतल्या आत उडी घेतली. ढोली आडवी झाली, गडगडत आली आणि हिमांशुच्या पायाशी थांबली. तिच्यातून घामानं निथळणारा उमरावभाऊ बाहेर आला. त्याच घामेजल्या हातानं त्यानं माझा हात धरला होता!

मी हात जोडले. "सेठजी, चूक माझी. नाव तेवढं घेऊ नका!"

सेठ हिमांशुला म्हणाले, "फिर से सुना."

त्यांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "ढोलक निकालो. पेटी निकालो. बाई को भी निकालो. सिर्फ ये चीख रखो, नीचे बीट डालो."

तसंच झालं! आज बसस्टँडवर निम्म्या लोकांच्या फोनमधून मी किंचाळत असतो.

"जिंदगीभर गळा म्या फोडला," मावशी म्हणाली, "अन् गाणं तुयं निघालं!" उमरावभाऊ माझ्याशी बोलत नाही. तो आणि मावशी आता दंडारीच्या लोकनाट्यात वाजवतात-गातात, तिथं त्यांना कोणी अडवत नाही. कराराच्या दाव्याला मी एकटाच बांधलेला.

सेठना प्रत्येक गाण्यात नवी किंकाळी हवी आहे, आणि तीही "असली डर" असलेली. म्हणून मी रोज सकाळी तलावाच्या पाळीवर रियाज करतो. पहिल्या दिवशी वाघ आला समजून सारा मोहल्ला लाठ्या घेऊन धावला. आता कोणी वळूनसुद्धा बघत नाही.

परवा पाळीवर खरंच अस्वल उभं राहिलं. मी जीव खाऊन किंचाळलो, चपला टाकून घरापर्यंत पळत आलो. दारात बायको, रीता, तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आज सूर चांगला लागला होता. रेकॉर्ड केलं का?"