बिनआवाजाचं पडणं

पुंडलिकजी पडत, पण त्यांच्या पडण्याचा आवाज होत नसे. बोलता बोलता समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. खाली पाहावं तर हे पायाशी आडवे, डोळे मिटलेले. नवख्याच्या अंगावर काटाच यायचा.

हे खूळ आमच्या क्लबातलं. नव्वदच्या दशकात बोरगाव मेघ्यात मी ज्युडो शिकवायचो. टिनाचं शेड, कापसाच्या गाद्या आणि वीसेक पोरं. त्यांत पन्नाशीचे, किराणा दुकानवाले पुंडलिकजी पायजम्यावर दाखल झाले. कुणाला पाडण्यात त्यांना रस नव्हता.

"मले फक्त पडाले शिकवा, सर. पन आवाज नाई झाला पायजे."

पडताना गादीवर हात आपटायचा, त्यानंच मार वाचतो, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हात काही आपटला नाही. संध्याकाळी लाइट गेली की पोरांचे धपाधप आवाज यायचे, यांचा मात्र पत्ता नाही. मग अंधारात कुणाचा तरी पाय मऊ अंगावर पडे आणि शेडभर बोंब उठे. खालून शांत आवाज येई, "जमलं ना, सर?"

शेवटी मी कारण विचारलं. त्यांना भोवळ यायची. दवाखाने करून थकले होते. पडण्याआधी क्षणभर चाहूल लागे, तेवढंच. घरी बायको, कमलाबाई, डोळ्यांनी अधू. धप्प झालं की ती बिचारी धावायची आणि चौकटीवर कपाळ फोडून घ्यायची. "पडनं माह्या हाती नाई," पुंडलिकजी म्हणाले, "आवाज तं हाये."

मग मीही मन लावून शिकवलं.

एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. कमलाबाई पुढच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मधूनमधून त्या "अवो" म्हणत, आतून "हाव" येई. एकदा "हाव" आलं नाही. मी दारातून डोकावलो. पुंडलिकजी फरशीवर पडले होते, डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले, ओठांवर बोट.

कमलाबाईंचे हात थांबले होते. "पह्यले हे पडले का समजे, सर. आता घर चूप झालं का मले वाटते, गेले."

मी पुंडलिकजींकडे पाहत राहिलो. ओठांवरचं बोट हळूहळू खाली आलं.

"पडलो हाये वं," ते म्हणाले.

"बरं झालं," म्हणत कमलाबाई उठल्या, भिंत चाचपत आत गेल्या आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या.