कस्तुराताईंचा खराखुरा भोंगा

"माझ्या हाताखाली दगड द्या, त्यालाही रडवून दाखवीन!" असं कस्तुराताई भेटेल त्याला सांगायच्या. ते अगदीच खोटंही नव्हतं. ऐन उमेदीत गावोगावचे रंगमंच गाजवलेली बाई! आता थेरगावात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्या अभिनयाचा क्लास चालवत होत्या. चालवत होत्या म्हणजे रेटत होत्या. मुलं वाकडच्या एसी डान्स क्लासला पळाली होती, आणि दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर क्लासला कुलूप लागणार होतं.

अशात महाळुंग्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं! सुरक्षा सप्ताहासाठी कामगारांचं नाटक बसवायचं होतं. सेफ्टी ऑफिसर सुजित म्हणाला, "मॅडम, साहेब खूश झाले तर वर्षभर कामगारांचा क्लास तुमच्याकडे. पक्कं!"

ताई हवेत तरंगायला लागल्या.

जखमी कामगाराचं काम पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधल्या मारुतरावांकडे होतं. गडी चाकणकडचा, आवाज खणखणीत, पण डोळ्यांत टिपूस येईना.

"मारुतराव, हात मशीनमध्ये अडकलाय! घरी बायको वाट बघतेय! रडा!"

"ती म्हायेराला गेलीया बाई. मला तर हसूच येतंय!"

पण ताईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी मारुतराव असे रडले, की कँटीनवाला पाणी घेऊन धावत आला!

अपघाताच्या क्षणी भोंगा वाजायला हवा होता. सुजितने मोबाइलवरचा आवाज ऐकवला.

ताईंनी नाक मुरडलं. "हा भोंगा आहे की कुकरची शिट्टी? मला खरा हवा!"

"खरा नको मॅडम! तो वाजला की..."

"बरं, बरं!" ताईंनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

नाटकाच्या दिवशी हॉल खच्चून भरला. साहेब पहिल्या रांगेत. मारुतराव कोसळले, किंचाळले, सगळे श्वास रोखून बसले, आणि नेमका सुजितचा मोबाइल बंद पडला! विंगेत ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या भिंतीवर खऱ्या भोंग्याचं लाल बटण होतं. त्यांनी ते दाणकन दाबलं!

असा भोंगा वाजला की खिडक्या थरथरल्या. अख्खा हॉल एकदम उभा राहिला! ताईंचा ऊर भरून आला. त्या स्टेजवर आल्या, हात जोडून कमरेत वाकल्या, आणि मान वर केली तर हॉल रिकामा! जखमी मारुतरावसुद्धा दाराकडे धावत होते.

"अहो मारुतराव, तुम्ही बेशुद्ध आहात!"

"बेशुद्ध झालो तरी मैदानात हजेरी द्याया लागती बाई! भोंगा झालाय न्हवं!"

बाहेर सगळी कंपनी रांगा लावून उभी होती. डोकी मोजणं चालू होतं. एवढ्यात घंटा वाजवत अग्निशमनची गाडीही आली. 'गेला क्लास!' ताईंना वाटलं.

साहेब तरातरा त्यांच्यासमोर आले. "मॅडम, कमाल केलीत! एरवी मॉक ड्रिलला, आगीच्या सरावाला, ही मंडळी डबे आवरत बसतात. आज चुटकीसरशी हॉल रिकामा! वर्षभराचं काम तुम्हालाच! दर महिन्याला यायचं!"

ताईंनी पुन्हा हात जोडले. "साहेब, आता नाटकाचा शेवट बघून घ्या. तोच तर..."

"नाटक राहू द्या हो. तुम्ही यायचं, बटण दाबायचं आणि जायचं!"

ताई पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "दाबायच्या आधी दोन वाक्यं बोलले, तर चालेल ना?"