मगदूम सरांचं गृहीतक

कोल्हापूर शहर व पंचक्रोशीतील तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गल्लीत पुराव्याशिवाय कोणतेही विधान करण्यास सक्त मनाई आहे. ही मनाई महापालिकेने केलेली नाही. आमच्या समोर राहणाऱ्या बाळासाहेब मगदूम सरांनी केली आहे आणि ती मोडणाऱ्याची जागेवरच उलटतपासणी होते.

मी ती पुष्कळदा भोगली आहे. एकदा सकाळी दुकानाला निघताना मी सहज म्हणून गेलो की, आज पाऊस येणार. सर दारात उभे राहून दात घासत होते. त्यांनी ब्रश बाहेर काढून विचारलं, कशावरून? मी म्हटलं, गगनबावड्याकडं आभाळ काळं झालंय.

"ते तिकडं झालंय. हितं पडंल कशावरून? मधली पायरी कुठं हाय?"

मधली पायरी माझ्याकडे नव्हती, छत्रीही नव्हती. संध्याकाळी मी ओलाचिंब होऊन परतलो, तर सर दारातच. माझ्याकडे आपादमस्तक बघून म्हणाले, "भिजलासा, हे मान्य. पर सकाळचा निष्कर्ष चुकीचाच हुता."

सर हातकणंगल्याच्या बाजूच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आता घराच्या पुढच्या खोलीत लॉच्या प्रवेश परीक्षेचा क्लास घेतात. त्या परीक्षेत तर्काचे प्रश्न असतात. एक उतारा देतात आणि त्यातून काय सिद्ध होतं, काय होत नाही, ते विचारतात. मुलं पंधरा-वीस असतील, पण सरांचा आवाज असा की क्लासला अख्खी गल्ली बसते. माझी बायको भाजी निवडता निवडता अर्धी वकील झाली आहे.

आधी प्रश्न वाचायचा आणि उतारा नंतर, हा सरांचा मूलमंत्र. काय हुडकायचं ते ठरवल्याशिवाय मंडईत शिरलेला माणूस पिशवी भरून आणतो आणि मीठ विसरतो, असं ते सांगतात. पण त्यांचा खरा जीव दुसऱ्या नियमावर आहे. बाहेरची माहिती आत आणायची नाही! उताऱ्यात दिलंय तेवढंच खरं. "उताऱ्यात म्हशी उडत्यात म्हटलं, तर उडत्यात. आपली म्हस गोठ्यात बांधायची आणि मग पेपरला बसायचं."

'सगळे', 'नेहमी', 'कधीच' या शब्दांवर तर त्यांचा पोलिसी डोळा असतो. असला शब्द असलेला पर्याय आधी संशयित म्हणून बाजूला काढायचा. एकदा आमच्या घरात जरा वादळ चाललं होतं. तुम्ही नेहमी उशिरा येता, असं बायको मला सुनावत होती. समोरच्या खिडकीतून सरांनी शांतपणे दुरुस्ती सुचवली. "वहिनी, 'नेहमी' नगं. 'बहुतेक वेळा' म्हणा. टिकंल." तेव्हापासून बायको 'बहुतेक वेळा' असं म्हणून भांडते आणि मला बचावाला जागाच उरत नाही.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर सरांनी जयसिंगपूरच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीचं कोडंच मांडलं. थोरल्या आत्या धाकट्या काकूंच्या शेजारी बसणार नव्हत्या, काकांना पंख्याखालीच जागा हवी होती आणि व्याह्यांना कुणाचीही पाठ दिसायला नको होती. ज्याची जागा पक्की आहे त्याला आधी बसवायचं, ही परीक्षेतली युक्ती सरांनी वापरली. काका पंख्याखाली गेले आणि बाकीचे आपोआप जुळत गेले. अप्रतिम पंगत बसली. मग आत्या हात धुवायला उठल्या आणि परत आल्या त्या थेट काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघी हसत एकमेकींना जिलेबी वाढू लागल्या. सर विषण्ण झाले. मला म्हणाले, पुस्तकातली माणसं अशी उठत न्हाईत.

आता श्रुतीबद्दल सांगतो. श्रुती ही सरांची एकुलती एक, उशिरा झालेली मुलगी. ती शाळेत असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून घरात दोघंच. ती वडिलांना अण्णा म्हणते आणि क्लासमध्ये पहिल्या खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढते. सरांना सगळ्यात आवडणारी युक्ती तिच्याच हातात सगळ्यात धारदार झाली आहे. युक्ती अशी: कुणी छातीठोकपणे काही सांगत असेल, तर तो मनातल्या मनात काय धरून चाललाय ते शोधायचं. ते म्हणजे गृहीतक. मग ते उलटं करून बघायचं. उलटं केल्यावर सगळा डोलारा खाली आला, तर समजायचं की खांब हाच.

यंदा श्रुती परीक्षेत चमकली. नागपूरच्या मोठ्या लॉ कॉलेजात जागा मिळाली. गल्लीत पेढे वाटून झाले आणि मग पोरगी म्हणाली, मी जात नाही. लॉ इथं कोल्हापुरातही होतं.

जागा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पक्की करायची होती. सरांनी मला पंच म्हणून बोलावून घेतलं. मी खुर्चीत बसलो. सर फळ्यापाशी उभे राहिले आणि पोरीसमोर रीतसर मांडणी केली. नागपूरचं कॉलेज चांगलं. चांगल्या कॉलेजात शिकलेला वकील चांगला होण्याचा संभव जास्त. श्रुतीला चांगला वकील व्हायचंय. सबब, श्रुतीनं नागपूरला जावं.

"ह्यात एक गृहीतक लपलंय," श्रुती म्हणाली.

सरांनी खडू खाली ठेवला.

"अण्णा एकटे राहू शकतात, हे तुमी धरून चाललाय. आता उलटं करून बघा."

सरांनी फळ्यावरची मांडणी पुन्हा वरून खाली वाचली. मग घसा साफ करून म्हणाले, ती बाहेरची माहिती झाली. उताऱ्यात तसलं काय न्हाय.

"तुमी कधीपासनं बाहेरची माहिती झालासा, अण्णा?"

पंच चहा पिऊ लागला.

सर मात्र हार मानणाऱ्यातले नव्हते. पुरावा देतो, म्हणाले. उद्या दुपारी दोघंही जेवायला या. मी एकट्यानं रांधणार, कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी हादरलो, कारण सरांनी केलेला चहासुद्धा मी एकदा प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन बसलो. भात जरा चिकट होता, पण आमटी अशी की मी ताटावरून मानच वर केली नाही. कटाची आमटी, वरून खोबऱ्याचा तो विशिष्ट वास. तिसऱ्या घासाला मला जाणवलं की हा वास माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. लग्न झाल्यापासून मी हीच आमटी खात आलोय. सर माझ्याकडे बघेनात. पातेलं त्यांचं होतं, आमटी आमच्या घरची होती. मधल्या पायरीशिवाय ज्यांनी कधी एक वाक्य खपवून घेतलं नाही, त्या माणसानं माझ्या बायकोपुढं पातेलं धरून पुरावा उसना आणला होता.

मी श्रुतीकडे चोरून पाहिलं. ती आमच्या घरात जेवतखात लहानाची मोठी झालेली, ती आमटी तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल? पण पोरीनं दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली, वाटी निपटली आणि म्हणाली, अण्णा, छान झालीय.

संध्याकाळी तिनं जागा पक्की केली. त्याआधी आमच्या मागच्या दारानं येऊन बायकोला हळूच विचारून गेली, "काकू, रोज न्हाय, पर अधनंमधनं आमटी द्याल न्हवं त्यांना?"

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एस.टी. स्टँडवर गेलो. तिचा मामा पुण्याला असतो. तिथपर्यंत ती एकटी जाणार आणि पुढे नागपूरला मामा पोचवणार, असं ठरलं होतं. सरांनी स्वतः जायला साफ नकार दिला होता. बाप पोचवायला गेला की पोरीचा पाय निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्टँडवर ते भलतेच मोकळे होते. तिला खिडकीची जागा मिळवून दिली, बॅग वर ठेवली, शेजारच्या बाईंना त्यांचं गाव कुठलं ते विचारलं आणि खाली उतरून माझ्याशी टोलनाक्यांवर बोलू लागले. पोरगी खिडकीतून बघत होती. हे तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. कंडक्टर दारात आला, एका हातानं घंटीची दोरी धरली आणि रोजच्या सवयीनं फलाटाकडे बघून विचारलं, "अजून कोण यायचंय काय?"

माझं टोलनाक्याबद्दलचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण शेजारून सर केवढ्यांदा तरी बोलून गेले, "मी हाय की, पावणं."