वीस फुटी उपकार

“अंगापेक्षा बोंगा मोठा,” वेंडेलची बायको नडीन म्हणाली आणि तिने तव्यावरचं सॉसेज उलटलं. “मासा पकडायचाय हातभर, आणि बोट हवी वीस फुटी.”

वेंडेलच्या पुढ्यात टेबलावर दोन जुन्या बोटींचे फोटो होते. दोन्ही फायबरग्लासच्या, दोन्ही बास मासा धरायच्या. एक सतरा फुटी, हिरवी, नव्वद घोड्यांची मोटर. दुसरी वीस फुटी, लालचुटूक, उन्हात चमचमणारी, आणि मोटर थेट सव्वादोनशे घोड्यांची. हिरव्या बोटीच्या फोटोवर त्याने कॉफीचा मग ठेवला होता. त्यावरून काय समजायचं ते नडीन समजली होती.

“माझ्यासाठी नाही घेत मी. हॉइटसाठी घेतोय,” तो म्हणाला.

गेल्या वर्षी वेंडेलच्या घशात कॅन्सर निघाला, तेव्हा सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज त्याला हंट्सव्हिलला रेडिएशनला नेलं ते त्याच्या या मित्राने, हॉइटने. तासभर जायचं, तासभर यायचं, आणि संपूर्ण रस्ताभर हॉइट फक्त बास माशांबद्दल बोलायचा. घसा, डॉक्टर, मरण, यातला एकही शब्द त्याने काढला नाही. वेंडेल बरा झाला आणि दोनच महिन्यांत हॉइटलाच अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालतो आता. वेंडेलची जुनी पत्र्याची होडी इतकी डगमगायची, की एकदा तिच्यात पाय ठेवून हॉइट जो मागे फिरला, तो आठ महिने तळ्याकडे गेलाच नाही. अलाबामात पुरुषमाणसं एकमेकांचे आभार मानत नाहीत. गवत कापून देतात, नाहीतर ट्रक दुरुस्त करून देतात. पण पस्तीस फेऱ्यांचे उपकार गवत कापून फिटत नाहीत, हे वेंडेलच्या मनाने घेतलं होतं. उपकार मोठे, तेव्हा बोटही मोठी, असा साधा हिशेब.

शनिवारी सकाळी त्याने दोन्ही मालकांना तळ्याच्या धक्क्यावर बोलावलं. पाण्यात फिरवून बघितल्याशिवाय तिथे कोणी जुनी बोट घेत नाही. हिरवी बोट डार्लीनची होती. ही बाई शाळेची बस चालवायची. तिने बोट पाण्यात सोडून, धक्क्याला बांधून, वर बसून उकडलेल्या शेंगा खायलाही सुरुवात केली होती. लाल बोटीचे मालक लेलंड स्टोक्स, वय एक्क्याऐंशी. ट्रक त्यांची बायको व्हर्ना चालवत होती.

“हल्ली विसरतो हा,” व्हर्नाने वेंडेलला बाजूला घेऊन सांगितलं. “शेगडी चालू ठेवतो, चष्मा फ्रीजमध्ये ठेवतो. मुलगी म्हणाली, आता बोट नको. म्हणून विकतोय.”

“ऐकू येतंय मला!” लेलंड लांबून ओरडले. “कान शाबूत आहेत माझे!”

वेंडेलने बोटीची तपासणी सुरू केली. तेहतीस वर्षं त्याने शाळेचे नळ दुरुस्त केले होते, त्यामुळे पाण्याचं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. शिवाय त्याने रात्री मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले होते. जुन्या बोटीच्या मागचं, खालचं पितळी बूच काढून बघावं, आत पाणी मुरलं असेल तर गळतं, असं त्यातला दाढीवाला म्हणाला होता. वेंडेलने वाकून, पक्कड लावून बूच काढलं. एक थेंब गळला नाही. “वा!” तो स्वतःशीच म्हणाला. तेवढ्यात मागून हॉइटची हाक आली.

“वेंडेल! मला वर चढवणार आहेस की इथंच उभा करून म्हातारा करणार आहेस?”

दोन चाकजोड्यांच्या ट्रेलरवर ती बोट हॉइटच्या छातीला लागत होती. एका बाजूने वेंडेल, दुसऱ्या बाजूने लेलंड, मागून डार्लीन, अशा तिघांनी मिळून हॉइटला वर चढवलं. जिन्यावरून सोफा नेताना होते तशी ओढाताण झाली. मध्ये एकदा तो अर्धा आडवा, डोकं खाली, पाय वर, असाही राहिला. शेवटी तो खुर्चीत पडला आणि धापा टाकत म्हणाला, “छान आहे बोट.”

“आहे ना?” वेंडेलचा चेहरा फुलला.

“मोठी आहे,” हॉइट म्हणाला.

लेलंड सुकाणूवर बसले, वेंडेलने ट्रक मागे घेतला, आणि लाल बोट पाण्यात अशी डौलात सरकली की धक्क्यावरच्या चार माणसांनी माना वळवल्या. वेंडेल ट्रक लावून परत आला, तेव्हा बोट वीसेक हातांवर उभी होती आणि तिचं मागचं अंग बरंच खाली गेलं होतं.

“बघा,” तो डार्लीनला अभिमानाने म्हणाला, “मोटर केवढी वजनदार आहे!”

डार्लीनने शेंग सोलायची थांबवली. “मोटर नाही हो. बोट बुडतेय.”

“लेलंड!” व्हर्ना किंचाळली. “बूच!”

“लावलंय!” लेलंड ओरडले आणि खाली बघितलं. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं होतं. त्यांनी पाणी उपसायचा पंप चालू केला. पंप दोनदा खोकला, करंगळीएवढी धार टाकली आणि गप्प झाला. हॉइटची टोपी, जेवणाचा डबा आणि पायातून सुटलेला एक बूट बोटीत आपापल्या मर्जीने तरंगू लागले. हॉइट मात्र कीर्तनाला बसल्यासारखा शांत.

“हॉइट, घाबरू नकोस!” वेंडेल धक्क्यावर नाचत होता.

“कोण घाबरलंय?” हॉइट म्हणाला. “मोजे भिजलेत फक्त.”

डार्लीनने दोर सोडला आणि दोन मिनिटांत हिरवी बोट लाल बोटीला नेऊन भिडवली. आता एक गंमत झाली. लाल बोट इतकी खचली होती की दोन्ही बोटींचे काठ अगदी एका पातळीत आले. हॉइट उठला, उजवा पाय टाकला, डावा ओढून घेतला आणि कोणाचाही हात न धरता हिरव्या बोटीत जाऊन बसला. बसल्यावर त्याने दोन्ही तळवे काठावर ठेवले आणि तळ्याकडे बघितलं. आठ महिन्यांत त्याचा चेहरा असा कोणी पाहिला नव्हता. पण वेंडेल त्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लाल बोट ओढत होता.

बोट कशीबशी ट्रेलरवर चढवली. मागच्या भोकातून नळ सोडल्यासारखं पाणी वाहू लागलं. सगळे त्या भोकाकडे बघत राहिले. भोक रिकामं होतं.

“मी लावलं होतं, व्हर्ना,” लेलंड म्हणाले. “सकाळीच, घरी. मला आठवतंय.” मग जरा थांबून म्हणाले, “म्हणजे, आठवतंय असं वाटतंय मला.”

व्हर्नाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लेलंड ट्रकच्या मागच्या फळीवर बसले. टोपी हातात, पँटमधून पाणी ठिबकतंय. “पोरा,” ते वेंडेलला म्हणाले, “माझ्या चुकीने तुझा मित्र बुडाला असता. तू म्हणशील त्या भावात घेऊन जा ही बोट. मुलगी बरोबर बोलते. माझं डोकं गेलं आता.”

वेंडेलला म्हाताऱ्याची दया आली. शर्टाच्या खिशात नेहमी पेपरमिंटच्या गोळ्या असतात, त्यातली एक द्यावी म्हणून त्याने हात घातला. हाताला गोळी लागली, दुसरी गोळी लागली आणि तिसरं लागलं ते पितळेचं होतं.

काखेत कळसा म्हणतात तो हा. वेंडेलने मूठ मिटली. कोणी बघितलं नव्हतं. चार पावलांवर तळं होतं. लाल बोट पडत्या भावात पदरात पडत होती, तीही हॉइटसाठी. मग त्याने लेलंडच्या हातातली ती टोपी बघितली. आपला आवाज जाणार असं डॉक्टर म्हणाले होते, त्या दिवशी आपणही टोपी तशीच धरून बसलो होतो, हे त्याला आठवलं. त्याने मूठ उघडली.

“मिस्टर लेलंड, तुम्ही बूच लावलं होतं. मी काढलं. बघायला म्हणून काढलं आणि खिशात टाकून विसरलो. गाढव मी आहे.”

आता हा म्हातारा आपल्याला तळ्यात ढकलणार अशी वेंडेलने तयारी ठेवली. लेलंड हळूहळू उभे राहिले.

“म्हणजे मी लावलं होतं?”

“घट्ट लावलं होतं. पक्कड लागली काढायला.”

“व्हर्ना! ऐकलंस? घट्ट लावलं होतं!” लेलंडनी वेंडेलला अशी मिठी मारली की त्याचीही उरलीसुरली इस्त्री भिजली. “देव तुझं भलं करो, पोरा! तुझ्यासारखा बावळट भेटला म्हणून वाचलो! व्हर्ना, मुलीला फोन लाव. सांग, बोट विकायची नाही!”

“लावते,” व्हर्ना डोळे पुसत म्हणाली. “पण शेगडीला हात लावलास तर बघ.”

लाल बोट, लाल बोटीचे मालक आणि त्यांची शाबूत स्मरणशक्ती अशी सगळी वरात निघून गेली. डार्लीन शेंगांची टरफलं झटकत उठली. “म्हणजे आता निवड करायला माझी एकटीचीच बोट उरली ना?” वेंडेलने हिरव्या बोटीकडे बघितलं. हॉइट अजून तिच्यातच बसला होता, आणि उतरायची त्याला काही घाई दिसत नव्हती. मग वेंडेलने फार वेळ घेतला नाही.

पुढच्या शनिवारी हिरवी बोट ट्रेलरवर असतानाच हॉइट तिच्यात चढला, स्वतःच्या पायांनी. त्याआधी त्याने हात पुढे केला. “बूच दे इकडे.” आणि डाव्या, अधू हाताने त्याने ते स्वतः बसवलं. पाच मिनिटं लागली. मागे सहा ट्रकांची रांग लागली होती. एकानेही हॉर्न वाजवला नाही.

तळ्याच्या मध्यावर जाऊन वेंडेलने मोटर बंद केली. पाणी काचेसारखं होतं. त्याने मागचा कप्पा उघडला, पुढचा उघडला, खुर्चीखाली बघितलं.

“हॉइट, गळ गॅरेजमध्येच राहिले रे.”

“माहितेय. बघितलं होतं मी.”

“मग बोलला का नाहीस?”

“परत गेला असतास आणायला. ऊन झालं असतं.” हॉइटने शेंगांची पिशवी उघडली. “बूच खिशात टाकलंस तेही बघितलं होतं. तेव्हा मी उलटा होतो, पण बघितलं होतं.”

वेंडेलने आ वासला. “आणि तसाच बुडत बसलास?”

“तू एवढ्या हौसेनं ती लाल बोट घेत होतास. मला तिच्यात चढता येत नाही, हे तुला कसं सांगू?” हॉइटने एक शेंग फोडली. “म्हाताऱ्याचं वाईट वाटलं मात्र. आणखी मिनिटभर तू गप्प बसला असतास, तर मीच सांगणार होतो. पण तू बसणार नाहीस, हे मला माहीत होतं.”

लांब एक मासा उसळला, चांगला पाच पौंडांचा असावा. दोघांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

“उपकार झाले तुझे, हॉइट,” वेंडेल म्हणाला. “त्या पस्तीस फेऱ्यांचे.”

हॉइटने पिशवी त्याच्यापुढे धरली.

“छत्तीस,” तो म्हणाला. “एकदा तू तुझी फाईल विसरला होतास.”